सही कोणाची? लुकास पापादिमोस यांचे सहा महिने

९ नोव्हेंबर २०११च्या संध्याकाळी ग्रीसचे पंतप्रधान जॉर्ज पापान्द्रेऊ दूरचित्रवाणीवर आले. आपण पायउतार होत आहोत असे त्यांनी सांगितले आणि नव्या पंतप्रधानांना शुभेच्छा दिल्या. नव्या पंतप्रधानांचे नाव मात्र घेतले नाही, कारण ते ठरलेच नव्हते. भाषण आटोपून ते राष्ट्राध्यक्ष कारोलोस पापुलियास यांच्याकडे गेले. तिथे तीन पक्षांच्या नेत्यांची बैठक होती आणि त्यातले एक, लाओस या छोट्या उजव्या पक्षाचे कारात्झाफेरिस, तणतणत बाहेर पडले. दिवसभर संसदेच्या सभापतींचे, फिलिप्पोस पेत्साल्निकोस यांचे, नाव हवेत होते. रात्रीतून ते विरले. दुसऱ्या दिवशी दुपारी लुकास पापादिमोस यांचे नाव जाहीर झाले आणि ११ तारखेला त्यांनी शपथ घेतली.

हे गृहस्थ कधी निवडणूक लढले नव्हते आणि कुठल्या पक्षाचे सभासदही नव्हते. पेशाने मध्यवर्ती बँकेचे माणूस. देश बुडायला आला की बँकरला बोलवायचे, एवढाच या गोष्टीचा अर्थ त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी लावला. पाच दिवसांनी इटलीत मारिओ मोंती आले, तेव्हा तर ‘तंत्रज्ञांचे राज्य’ हा शब्द पक्का झाला. मला या प्रकरणात दुसरीच एक गोष्ट मोठी वाटते. ग्रीसमध्ये त्या सहा महिन्यांत उत्तर काय असावे यावर फारसे भांडण नव्हतेच. उत्तर ब्रुसेल्समध्ये ठरलेले होते. खाली सही कोणी करायची, यावर भांडण होते. सगळ्यांना काम व्हायला हवे होते आणि कागदावर आपले नाव कोणालाच नको होते.

आधी काय घडले

ऑक्टोबर २००९मध्ये पापान्द्रेऊंचा पासोक पक्ष ४३.९ टक्के मते घेऊन निवडून आला आणि काही दिवसांतच आधीच्या सरकारने दाखवलेली तूट खोटी असल्याचे त्यांनी जाहीर केले. आकडा वाढत वाढत राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांवर गेला. २३ एप्रिल २०१०ला कास्तेलोरिझो या टोकाच्या बेटावर, मागे निळा समुद्र आणि होड्या अशा सुंदर पार्श्वभूमीवर उभे राहून, त्यांनी मदत मागितली. मे महिन्यात ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले: ८० युरोझोनचे, ३० आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. सोबत अटींची यादी आली, तिला ग्रीक लोक ‘म्निमोनियो’ म्हणू लागले. शब्दाचा सरळ अर्थ टिपण किंवा मसुदा, पण पुढची काही वर्षे ग्रीक राजकारणात डावे-उजवे हा भेद मागे पडून म्निमोनियोच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोनच तट उरले.

पैसे पुरले नाहीत. अर्थव्यवस्था आकसत गेली आणि बँकांतल्या ठेवी दोन वर्षांत सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्या. सप्टेंबर २०११मध्ये घरपट्टीसारखा एक कर थेट विजेच्या बिलातच घातला गेला. लोकांनी त्याला ‘हारात्सी’ म्हटले. हा उस्मानी अमदानीतला शब्द, आपल्याकडचा ‘खराज’ तोच. २६-२७ ऑक्टोबरच्या रात्री युरोपच्या नेत्यांनी ठरवले की आणखी १३० अब्ज द्यायचे आणि खासगी कर्जदात्यांनी ५० टक्के सोडून द्यायचे.

३१ ऑक्टोबरला पापान्द्रेऊंनी बॉम्ब टाकला: या करारावर सार्वमत घेणार. त्यांच्या मनात जे असेल ते असो, कागदावर जनतेची सही घेण्याचा तो प्रयत्न होता. तीन दिवसांत तो मोडला. जी-२०च्या निमित्ताने फ्रान्समधल्या कान शहरी जमलेल्या जर्मनीच्या मर्केल आणि फ्रान्सच्या सार्कोझींनी त्यांना बोलावून सांगितले की सार्वमत घ्यायचेच तर युरोत राहायचे की नाही यावर घ्या, आणि तोवर पुढचा हप्ता मिळणार नाही. कानहून परतताना त्यांचेच अर्थमंत्री एव्हांगेलोस वेनिझेलोस यांनी जाहीर केले की युरोतले सदस्यत्व सार्वमतावर अवलंबून ठेवता येणार नाही. ५ नोव्हेंबरच्या पहाटे पापान्द्रेऊंनी विश्वासमत १५३ विरुद्ध १४५ असे जिंकले खरे, पण ते जिंकले होते पायउतार होण्याच्या आश्वासनावर.

जनतेची सही नको म्हटल्यावर, ज्याला जनतेकडे परत जायचेच नाही असा माणूस शोधणे भाग होते.

शोधून काढलेला माणूस

पापादिमोस यांचा जन्म १९४७चा, अथेन्सचा. अमेरिकेत एमआयटीत आधी भौतिकशास्त्र, मग विद्युत अभियांत्रिकी, मग अर्थशास्त्रात डॉक्टरेट. (त्याच काळात त्याच विभागात मारिओ द्रागी नावाचा एक इटालियन विद्यार्थीही होता. पापादिमोस पंतप्रधान झाले त्याच महिन्याच्या १ तारखेला द्रागींनी युरोपीय मध्यवर्ती बँकेची सूत्रे घेतली.) कोलंबिया विद्यापीठात काही वर्षे शिकवून १९८५मध्ये ते बँक ऑफ ग्रीसमध्ये आले, १९९४ ते २००२ गव्हर्नर होते. ग्रीसमधली महागाई खाली आणून ३४०.७५ द्राख्माला एक युरो या दराने देश युरोत नेला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्यानंतर आठ वर्षे, मे २०१०पर्यंत, ते युरोपीय मध्यवर्ती बँकेचे उपाध्यक्ष होते.

विरोधकांनी अर्थातच हे सगळे उलटे वाचले. ज्याने युरोत नेले त्यालाच आता युरोत टिकवायला आणले, असे ते म्हणत. २००१मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक बँकेबरोबर केलेल्या चलन-अदलाबदलीच्या व्यवहाराने ग्रीसचे कर्ज कमी दिसले होते, त्याचीही आठवण काढली गेली. तो व्यवहार कर्ज व्यवस्थापनाच्या सरकारी यंत्रणेचा होता, मध्यवर्ती बँकेचा नव्हता, हे मात्र आरोप करणारे बहुधा सांगत नसत.

बँकर पंतप्रधान होणे ग्रीसला नवे नव्हते. नॅशनल बँकेचे गव्हर्नर अलेक्झांद्रोस कोरिझिस जानेवारी १९४१मध्ये पंतप्रधान झाले आणि जर्मन फौजा अथेन्सच्या जवळ येत असताना १८ एप्रिलला त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९८९मध्ये लागोपाठच्या निवडणुकांनी कोणालाच बहुमत दिले नाही तेव्हा बँक ऑफ ग्रीसचे जुने गव्हर्नर क्सेनोफोन झोलोतास यांना ८५व्या वर्षी आणले गेले. न्यू डेमोक्रसी (उजवीकडचा मोठा पक्ष), पासोक आणि डावे अशा तिघांनी मिळून त्यांना पाठिंबा दिला आणि साडेचार महिने सरकार चालले. झोलोतास जगाला वेगळ्याच कारणासाठी माहीत आहेत. १९५७ आणि १९५९मध्ये जागतिक बँकेच्या सभांत त्यांनी इंग्रजीत अशी दोन भाषणे केली होती की किरकोळ जोडशब्द सोडले तर प्रत्येक शब्द मूळ ग्रीक होता. श्रोत्यांना कळलेही आणि हसूही आले. पापादिमोस यांच्यात असा खट्याळपणा नव्हता. मृदू आवाज, मोजकी वाक्ये, प्राध्यापकी थाट. गर्दीसमोर उभे राहण्याचा पिंडच नव्हे.

‘काळजीवाहू’ हा शब्द त्यांच्या बाबतीत जपून वापरायला हवा. ग्रीक घटनेच्या ३७व्या कलमात खरे काळजीवाहू सरकार आहे. कोणालाच सरकार बनवता आले नाही की देशाच्या तीन सर्वोच्च न्यायालयांपैकी एकाच्या अध्यक्षांना फक्त निवडणूक घेण्यापुरते पंतप्रधान करतात. पापादिमोस तसे नव्हते. १६ नोव्हेंबरला ३००च्या संसदेत २५५ विरुद्ध ३८ मतांनी त्यांनी विश्वास मिळवला होता. कागदोपत्री कुठल्याही निवडून आलेल्या पंतप्रधानापेक्षा तगडे बहुमत. पण नेमून दिलेले काम एकच: ऑक्टोबरचा करार अमलात आणायचा आणि निवडणुकीला रस्ता मोकळा करायचा. पक्षांनी आधी १९ फेब्रुवारी ही निवडणुकीची तारीखसुद्धा ठरवून टाकली होती. म्हणजे अधिकार पूर्ण, मुदत उसनी आणि बहुमत भाड्याचे.

पहिली सही

नोव्हेंबरमध्ये ग्रीसला जुन्या कर्जाचा आठ अब्जांचा हप्ता हवा होता. युरोझोनच्या अर्थमंत्र्यांनी अट घातली की नव्या सरकारातल्या पक्षांच्या नेत्यांनी लेखी हमी द्यावी. निवडणूक झाली की ‘आम्ही कधी कबूल केले होते?’ असे कोणी म्हणू नये, एवढाच हेतू.

न्यू डेमोक्रसीचे नेते आन्तोनिस सामारास यांना हे झोंबले. त्यांनी २०१०च्या म्निमोनियोविरुद्ध मत दिले होते आणि पुढचे पंतप्रधान आपणच होणार असा त्यांचा हिशेब होता. सरकारात त्यांचे दोन उपाध्यक्ष बसले, स्तावरोस दिमास परराष्ट्र खात्यात आणि दिमित्रिस आव्रामोपुलोस संरक्षण खात्यात. सामारास स्वतः बाहेर राहिले. माझा शब्द पुरे आहे, सही कशाला, असे ते दोन आठवडे म्हणत राहिले. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा अस्सल नमुना. अखेर २३ नोव्हेंबरला त्यांनी पत्र दिले आणि महिनाअखेर हप्ता मंजूर झाला.

पापादिमोस यांची अडचण इथेच पहिल्यांदा उघडी पडते. वेनिझेलोस अर्थमंत्रीच राहिले, मंत्री पक्षांनी दिलेले होते, आणि प्रत्येक मंत्र्याचे अर्धे लक्ष येत्या निवडणुकीवर. पंतप्रधानांना कोणाला तिकीट देता येत नव्हते, कोणाचे कापताही येत नव्हते. कर वसुली, बंदिस्त व्यवसाय खुले करणे, सरकारी मालमत्तांची विक्री ही सगळी रोज रेटावी लागणारी कामे होती आणि रेटायला पक्ष लागतो. ती कामे रेंगाळली. ज्या कामाला ठरलेली तारीख आणि ठरलेला आकडा होता, ते काम मात्र पापादिमोस करू शकत होते.

ती तारीख होती २० मार्च २०१२. त्या दिवशी साडेचौदा अब्ज युरोंचे रोखे फेडायचे होते आणि तिजोरीत तेवढे पैसे नव्हते.

ज्याला विरोध केला तेच काम

या प्रकरणातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग असा. पंतप्रधान होण्याच्या तीनच आठवडे आधी पापादिमोस यांनी ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये लेख लिहिला होता. जुलैमध्ये ठरलेल्या सुमारे २१ टक्के सवलतीच्या पलीकडे जाऊन कर्जदात्यांवर सक्तीची कात्री चालवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रीक बँका कोसळतील आणि लागण इतर देशांत पसरेल, हे मध्यवर्ती बँकेच्या माणसाचे नेहमीचे भय त्यामागे होते. आणि आता इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी सरकारी कर्ज-पुनर्रचना त्यांच्याच सरकारला करायची होती.

त्यांनी ती केली, आणि नीट केली. आपल्याला न पटलेले काम काटेकोरपणे पार पाडणे हा नोकरशहाचा गुण की दोष, हे वाचकाने ठरवावे. माझ्या मते त्या हिवाळ्यात तो गुण होता.

जानेवारीभर अथेन्समध्ये कर्जदात्यांच्या वतीने चार्ल्स दालारा आणि जाँ लेमिएर वाटाघाटी करत होते. मुद्दलात साधारण किती सोडायचे ते ऑक्टोबरमध्येच ठरले होते. घोडे अडले नव्या रोख्यांवरच्या व्याजावर. मधे बोलणी थांबली, पुन्हा सुरू झाली. शेवटी ठरले ते शंभर युरोंच्या जुन्या रोख्याच्या भाषेत असे: ५३.५ युरो बुडाले. १५ युरोंचे युरोपीय मदतनिधीचे अल्पमुदतीचे रोखे मिळाले, म्हणजे जवळजवळ रोकडच. उरलेल्या ३१.५ युरोंचे नवे ग्रीक रोखे, २०२३ ते २०४२ या काळात फेडायचे, सुरुवातीची तीन वर्षे व्याज अवघे दोन टक्के. त्यावर राष्ट्रीय उत्पन्न वाढले तर थोडा लाभांश देणारा एक कागद, गोडव्याला. बाजारभावाने मोजले तर धनकोचा तोटा ७५ टक्क्यांच्या आसपास जात होता.

पण त्याआधी युरोपला १३० अब्जांच्या बदल्यात आणखी सह्या हव्या होत्या.

१२ फेब्रुवारी

अटी कडक होत्या. किमान वेतन ७५१ युरोंवरून ५८६, म्हणजे २२ टक्के कपात. पंचविशीच्या आतल्यांना ३२ टक्के. २०१५पर्यंत सरकारी नोकऱ्यांत दीड लाखांची घट. निवृत्तिवेतनात कपात. ८ फेब्रुवारीच्या रात्री पापादिमोस यांनी तिन्ही नेत्यांना समोर बसवून पन्नासेक पानांचा मसुदा वाचून घेतला. सगळे पटले, अडले ते निवृत्तिवेतनातल्या सुमारे तीस कोटी युरोंवर. १३० अब्जांच्या व्यवहारात तीस कोटी ही चिल्लर. पण ती चिल्लर म्हाताऱ्यांच्या खिशातली होती आणि म्हातारे मत द्यायला हटकून जातात.

कारात्झाफेरिस यांनी १० तारखेला हात झटकले आणि लाओसचे मंत्री बाहेर पडले. तीन महिने सत्तेत बसून ऐन वेळी ‘जर्मन बूट’ वगैरे बोलून निघून जाणे मतदारांना भावेल असा त्यांचा अंदाज असावा. तो साफ चुकला.

रविवारी, १२ तारखेला, संसदेत चर्चा चालू असताना बाहेर सिंटाग्मा चौकात हजारो लोक होते. अश्रुधूर आणि पेट्रोल बॉम्ब. चाळीसहून अधिक इमारती जळाल्या. स्तादिऊ रस्त्यावरचे आतिकोन हे जुने, देखणे चित्रपटगृह आणि त्याच इमारतीतले अपोलोन, दोन्ही त्या रात्री गेले. अथेन्सच्या एका पिढीने पहिला सिनेमा तिथे पाहिला होता. मध्यरात्रीनंतर मतदान झाले: १९९ बाजूने, ७४ विरोधात. पक्षादेश मोडणाऱ्या ४३ खासदारांना पासोक आणि न्यू डेमोक्रसी यांनी तत्काळ काढून टाकले. २५५चे १९९ झाले. पापादिमोस यांचा ठराव मंजूर झाला आणि त्यांना खांदा देणारे दोन्ही पक्ष चिरले गेले.

एवढे होऊनही युरोझोनने पुन्हा सामारास आणि पापान्द्रेऊ यांच्याकडून पत्रे मागितली. सामारास यांनी दिले, पण पुढे धोरणात बदल लागू शकतील असे एक वाक्य घालून. २१ फेब्रुवारीच्या पहाटे ब्रुसेल्समध्ये कर्ज मंजूर झाले. २०२०मध्ये ग्रीसचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२०.५ टक्क्यांवर येईल, हा त्यातला अंदाज. दशांशासकट. आठ वर्षांपुढचा आकडा दशांशासकट सांगणाऱ्यांबद्दल मला नेहमी कुतूहल वाटते.

न केलेल्यांची सही

रोख्यांच्या बाबतीत पक्षनेत्यांकडे पत्रे मागण्यापेक्षा हुशार युक्ती होती. बदलायच्या सुमारे २०६ अब्जांच्या रोख्यांपैकी १७७ अब्जांचे रोखे ग्रीक कायद्याखाली काढलेले होते. म्हणजे ऋणको आणि कायदा करणारा एकच. २३ फेब्रुवारीला संसदेने ४०५० क्रमांकाचा कायदा केला. ग्रीक कायद्याखालच्या सगळ्या रोख्यांचे मिळून एकच मतदान होणार. निम्म्या रकमेचे धारक मतदानात असले आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश रकमेने होकार दिला, की उरलेल्या सगळ्यांवर तो होकार बंधनकारक. जुन्या करारात नसलेली अट मागाहून घातली गेली. कायदेपंडितांनी त्यावर बरेच लिहिले. व्यवहाराच्या दृष्टीने मुद्दा साधा होता: कोणा एकाने एखाद्या मालिकेतले रोखे गोळा करून सगळी प्रक्रिया अडवू नये.

९ मार्चला निकाल आला. ग्रीक कायद्याखालच्या रोख्यांपैकी ८५.८ टक्के धारकांनी स्वतःहून होकार दिला, बाकीच्यांवर कायदा लावला गेला. विम्यासारखे काम करणारे सीडीएस करार त्याच दिवशी देय ठरले. ज्या स्फोटाला सगळे दोन वर्षे घाबरत होते तो फुसका निघाला. निव्वळ उलाढाल सुमारे ३.२ अब्ज डॉलरचीच होती. २० मार्चची तारीख शांतपणे उलटली. अखेरच्या हिशेबात २०६पैकी १९९ अब्जांचे रोखे बदलले गेले आणि मुद्दलात १०७ अब्ज कमी झाले.

हे यश होते. आता बिल पाहू.

ग्रीक बँकांचे सुमारे ३८ अब्ज गेले आणि त्यांना उभे करण्यासाठी सरकारला पुन्हा कर्ज काढावे लागले. एका खिशातून दुसऱ्या खिशात. म्हणूनच २०११अखेर सुमारे ३५५ अब्ज असलेले सरकारी कर्ज २०१२अखेर ३०५च्या आसपास होते. १०७ कमी व्हायचे ते ५० झाले, आणि त्यातही डिसेंबरमधली रोख्यांची पुनर्खरेदी धरलेली. पेन्शन फंड, विद्यापीठे यांचा शिल्लक पैसा कायद्याने बँक ऑफ ग्रीसकडे असे आणि तो सरकारी रोख्यांत होता. त्यावरही कात्री चालली. हजारो साध्या बचतदारांनी बँकेतल्या ठेवीपेक्षा सुरक्षित म्हणून सरकारी रोखे घेतले होते, त्यांनाही वगळले नाही. सायप्रसच्या दोन मोठ्या बँका यात घायाळ झाल्या आणि मार्च २०१३मध्ये तिथे ठेवीदारांवर संक्रांत आली. लागणीविषयी पापादिमोस लेखात म्हणाले होते ते अगदीच चूक नव्हते.

कात्री चुकवली ती युरोपीय मध्यवर्ती बँकेने. तिच्याकडचे चाळीसहून अधिक अब्जांचे ग्रीक रोखे फेब्रुवारीतच त्याच अटींच्या, पण वेगळ्या क्रमांकाच्या रोख्यांशी बदलून घेतले गेले, म्हणजे कायद्याच्या जाळ्याबाहेर. मध्यवर्ती बँकेने सरकारला पैसे सोडणे करारात बसत नाही, असे कारण होते. कायद्याने ते बरोबर असेलही. पण निवृत्त शिक्षकाचा रोखा निम्म्याहून खाली आणि फ्रँकफुर्टच्या मध्यवर्ती बँकेचा रोखा शंभर टक्के, हे अथेन्समधल्या माणसाला कसे समजावणार? त्यातून पंतप्रधान दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच फ्रँकफुर्टच्या बँकेचे उपाध्यक्ष. पापादिमोस यांनी हे समजावण्याचा जोरदार प्रयत्न केलेला मला दिसत नाही. तो त्यांचा प्रांत नव्हता, आणि ज्यांचा होता ते नेते प्रचाराला निघाले होते.

४ एप्रिलच्या सकाळी सिंटाग्मा चौकात, संसदेच्या समोर, ७७ वर्षांच्या एका निवृत्त औषधविक्रेत्याने स्वतःवर गोळी झाडली. त्याच्या चिठ्ठीत सरकारला ‘त्सोलाकोग्लूचे ताबेदार सरकार’ म्हटले होते. त्सोलाकोग्लू म्हणजे १९४१मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या अथेन्सचा पहिला कळसूत्री पंतप्रधान, कोरिझिस गेल्यानंतर आलेला. ही तुलना अन्यायाची होती असे मला वाटते. पापादिमोस यांना २५५ खासदारांनी निवडले होते. पण बाहेरच्यांसाठी राज्य करणारा माणूस ही प्रतिमा त्यांना चिकटली ती सुटली नाही. पदावरून जाऊन पाच वर्षे झाल्यावर, मे २०१७मध्ये, अथेन्समध्ये गाडीत बसून एक पाकीट उघडताना स्फोट झाला आणि ते जखमी झाले.

शेवटी लोकांची पाळी

११ एप्रिलला पापादिमोस यांनी राष्ट्राध्यक्षांकडे संसद विसर्जित करण्याची विनंती केली. आणखी काही महिने थांबा, सुधारणा अर्ध्या आहेत, असे युरोपातून सुचवले जात होते. पण सामारास थांबायला तयार नव्हते, आणि मुदत उसनी असल्यावर सावकाराने मागितली की द्यावीच लागते.

६ मे २०१२. न्यू डेमोक्रसी १८.९ टक्के. अलेक्सिस त्सिप्रास यांचा डावा, म्निमोनियोविरोधी सिरिझा १६.८. पासोक १३.२, अडीच वर्षांपूर्वी ४३.९ टक्के मिळवणारा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर. उघड नाझी वळणाच्या ‘गोल्डन डॉन’ला सात टक्के आणि २१ जागा. कारात्झाफेरिस यांचा लाओस तीन टक्क्यांच्या उंबरठ्याबाहेर, संसदेतूनच गेला. सार्वमत टाळले म्हणून लोकांनी मत द्यायचे टळले नव्हते, फक्त सहा महिने लांबले होते. पापादिमोस यांना स्वतःला एकही मत गमवावे लागले नाही, कारण त्यांच्याकडे एकही मत नव्हते. त्यांना सत्तेवर आणणारे दोन मोठे पक्ष २००९मध्ये मिळून ७७ टक्क्यांवर होते, ते आता ३२ टक्क्यांवर आले.

सरकार कोणालाच बनवता आले नाही. राष्ट्राध्यक्षांनी नेत्यांना एकामागून एक बोलावले, शेवटी सगळ्यांना एकत्र बसवले, उपयोग झाला नाही. १६ मे रोजी ३७व्या कलमाप्रमाणे खरे काळजीवाहू पंतप्रधान आले: कौन्सिल ऑफ स्टेट या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष पानायोतिस पिक्रामेनोस. १७ जूनला पुन्हा मतदान झाले आणि ज्यांनी सही सर्वांत जास्त टाळली होती ते सामारास पंतप्रधान झाले.

पण पिक्रामेनोस येण्याच्या आदल्या दिवशी, १५ मेला, एक लहानसा व्यवहार झाला. परदेशी कायद्याखालच्या काही रोख्यांवर ४०५० क्रमांकाचा कायदा चालत नव्हता. तिथे प्रत्येक मालिकेचे मतदान वेगळे होते, आणि काही गुंतवणूक फंडांनी नेमक्या त्या मालिका स्वस्तात उचलून होकार नाकारला होता. त्यांतल्या ४३.६ कोटी युरोंची मुदत त्या दिवशी भरली. निवडणूक होऊन गेलेली, नवे सरकार नाही, न्यायालयीन खटला परवडणारा नाही. सरकारने रक्कम पूर्ण चुकती केली. ज्यांनी सही केली नव्हती त्यांना शंभराला शंभर मिळाले.